वाढीचे संप्रेरक आणि पेप्टाइडांची जोडी

चेन्नई – वाढीचे संप्रेरक बाहेरून टोचण्याऐवजी मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीलाच ते स्रवण्यास उद्युक्त करावे, या विचाराने दोन भिन्न पेप्टाइडे एकत्र देण्याच्या पद्धतीचा अभ्यास झाला. या संशोधनाचा एक धागा चेन्नईतून निघतो.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. ती कोणत्या कोनांत वळू शकते, याचा आलेख मद्रास विद्यापीठातील जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. साखळीच्या घडणीचे गणित मांडण्याची ही दिशा पुढे अमेरिकेत उपयोगी पडली. तेथे फ्रँक मोमनी आणि सिरिल बॉवर्स यांनी १९८०च्या दशकात गणिताच्या आधारे वाढीचे संप्रेरक स्रवविणारी कृत्रिम पेप्टाइडे रचली. त्यांपैकी जीएचआरपी-६ अवघ्या ६ अमिनो आम्लांचे आहे.

शरीरातील नैसर्गिक उत्तेजक, जीएचआरएच, १९८२ मध्ये हाती लागले. तेही मेंदूत नव्हे, तर स्वादुपिंडाच्या गाठीत! बॉवर्स यांच्या गटाने १९९० मध्ये निरोगी पुरुषांना ही दोन्ही पेप्टाइडे एकत्र दिली, तेव्हा स्रवलेले संप्रेरक दोहोंच्या स्वतंत्र परिणामांच्या बेरजेहून अधिक भरले. कारण दोघांचे मार्ग वेगळे आहेत. जीएचआरएच पेशीतील सायक्लिक एएमपी वाढवते. जीएचआरपी कॅल्शियमच्या मार्गाने काम करते आणि स्राव रोखणाऱ्या सोमॅटोस्टॅटिनचा जोरही कमी करते. जीएचआरपी ज्या ग्राहकाला चिकटते, त्याची ओळख १९९६ मध्ये पटली, आणि त्याचे नैसर्गिक संप्रेरक, घ्रेलिन, जपानमधील कोजिमा आणि कांगावा यांना १९९९ मध्ये जठरात सापडले. कुलपाची बनावट किल्ली आधी, खरी मागाहून, असा हा उलटा क्रम होय.

या जोडीचा वैद्यकीय उपयोग मुख्यतः निदानासाठी झाला. पीयूषिका ग्रंथीत संप्रेरक तयार करण्याची क्षमता शिल्लक आहे की नाही, हे तिच्यामुळे तपासता येते. ग्रंथीच निकामी झाली असल्यास उत्तेजन व्यर्थ ठरते.

स्नायू वाढविण्यासाठी किंवा मुलांची उंची वाढावी म्हणून ही पेप्टाइडे परस्पर टोचून घेणे मात्र धोक्याचे आहे. हाडांची टोके जुळून आल्यानंतर उंची वाढत नाही. उलट रक्तातील साखर चढू शकते, अंगावर सूज येऊ शकते. जीएचआरपी-६ मुळे भूकही वाढते. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ही दोन्ही प्रकारची पेप्टाइडे निषिद्ध असून, स्पर्धा नसतानाही खेळाडूंना ती घेता येत नाहीत.