वापरलेल्या ट्रॅव्हल ट्रेलरमधील दुर्गंधीचे निवारण

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढून नेण्याजोगे, झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचाची सोय असलेले चाकांवरचे घर होय. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत जुन्या ट्रेलरांची खरेदी-विक्री मोठ्या प्रमाणावर चालते. अशा ट्रेलरमध्ये मुरलेला वास हा मूळ दोष नसून दोषाची खूण असतो. सुगंधी फवाऱ्याने तो झाकला, तर गळती, उंदीर किंवा वायू यांपैकी जे कारण असेल ते आत तसेच राहते.

वास मुरण्याची कारणे

ट्रेलरची जागा लहान व बंदिस्त असते. प्लायवूड, भुसा दाबून केलेल्या फळ्या, फोमच्या गाद्या व गालिचा हे सर्व पदार्थ वास शोषून घेणारे असतात. हिवाळ्यात ट्रेलर महिनोन्‌महिने बंद राहतो. सतत येणाऱ्या वासाला नाक सरावते. त्यामुळे ‘वास येत नाही’ असे सांगणारा विक्रेता खोटेच बोलत असतो असे नाही. खरेदीपूर्वी ट्रेलर काही तास बंद ठेवावा आणि दार उघडताच घेतलेल्या पहिल्या श्वासावर विसंबावे.

ओल व बुरशी

कुबट वासाचे मूळ बहुधा छपराचे सांधे, खिडक्यांच्या चौकटी किंवा नळजोडण्या यांतून झिरपणाऱ्या पाण्यात असते. भिंतीला आलेला फुगवटा आणि पायाखाली दबणारी जमीन ही त्याची लक्षणे होत. गळती बंद करणे, भिजलेले लाकूड व फोम काढून टाकणे आणि पंखे किंवा आर्द्रताशोषक यंत्र लावून आतील भाग पूर्ण वाळवणे, हाच क्रम पाळावा लागतो. आधी रंग देऊन मग गळती शोधणाऱ्याला तेच काम दुसऱ्यांदा करावे लागते.

सांडपाणी व मैला

मोरीच्या नळीला असलेल्या वाकात साठणारे पाणी टाकीतील वायू अडवते. ट्रेलर उभा राहिल्यास ते पाणी आटते आणि वास आत शिरतो. अशा वेळी नळीत थोडे पाणी ओतणे पुरते. मैल्याच्या टाकीची झडप सतत उघडी ठेवल्यास द्रव वाहून जातो व घन भाग तळाशी सुकून घट्ट बसतो. मग टाकीत भरपूर पाणी भरून, ते बराच काळ मुरवून, ठरलेल्या निचरा-केंद्रावर ती रिकामी करावी लागते.

धूर, पाळीव प्राणी व उंदीर

तंबाखूच्या धुरातील चिकट अंश भिंती, छत व पडदे यांवर बसतो. साबणाच्या पाण्याने सर्व पृष्ठभाग धुणे व कापडी वस्तू बदलणे एवढाच खात्रीचा उपाय आहे. खाण्याचा सोडा व सक्रिय कोळसा सौम्य वासावर उपयोगी पडतात. गादीत खोल मुरलेल्या मांजराच्या मूत्रावर मात्र त्यांचा फारसा परिणाम होत नाही. तेथे विकरयुक्त स्वच्छक वापरतात, आणि तेही न चालल्यास गादीच टाकून देतात.

उंदरांच्या लेंड्या झाडूने झाडणे धोक्याचे असते. १९९३ मध्ये ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो व युटा यांच्या सीमाभागात हंता विषाणूची प्राणघातक साथ आली. हा विषाणू उंदरांची विष्ठा व मूत्र यांच्या धुळीतून श्वासाबरोबर शरीरात जातो. म्हणून प्रथम दारे-खिडक्या उघडून ट्रेलर अर्धा तास वारेशीर करतात. नंतर हातमोजे घालून, १ भाग ब्लीच व ९ भाग पाणी यांच्या द्रावणाने घाण भिजवतात आणि ५ मिनिटांनी कागदाने पुसून घेतात. ब्लीच अमोनिया किंवा व्हिनेगर यांच्यात मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात.

झाकू नयेत असे वास

कुजक्या कोबीसारखा उग्र वास आल्यास साफसफाईचा विचार बाजूला ठेवावा. स्वयंपाकाच्या प्रोपेन वायूत गळती कळावी म्हणून मुद्दाम इथाइल मरकॅप्टन मिसळलेले असते. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता सर्वांनी बाहेर पडावे आणि सिलिंडरची झडप बाहेरून बंद करावी.

फॉर्मल्डिहाइड हा वायू लाकडी फळ्यांतील चिकटद्रव्यातून हळूहळू सुटतो. उष्णता व दमटपणा वाढल्यास त्याचे प्रमाणही वाढते. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघर झालेल्या कुटुंबांना अमेरिकी सरकारने ट्रेलर दिले. त्यांत राहणाऱ्यांनी डोळ्यांची जळजळ व श्वासाचा त्रास यांच्या तक्रारी केल्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००७ च्या अखेरीपासून २००८ च्या प्रारंभापर्यंत ५१९ ट्रेलर व फिरती घरे तपासली. आतील हवेत फॉर्मल्डिहाइडचे सरासरी प्रमाण १०० कोटी भागांत सुमारे ७७ भाग भरले, आणि उन्हाळ्यापूर्वी कुटुंबांना हलवण्याची शिफारस झाली. पुढे यांतील अनेक ट्रेलर ‘निवासासाठी नव्हेत’ अशा सूचनेच्या चिठ्ठ्या लावून लिलावात विकले गेले. चिठ्ठी निघाली की पुढच्या खरेदीदाराला ते सहज कळत नाही. त्यामुळे त्या काळातील ट्रेलर घेताना वाहन क्रमांकावरून त्याचा पूर्वेतिहास पाहणे इष्ट ठरते.

ओझोन यंत्रे

ओझोन सोडणारी यंत्रे दुर्गंधी नष्ट करतात अशी जाहिरात होते. आरोग्यास निर्धोक अशा प्रमाणात ओझोनचा हवेतील प्रदूषकांवर फारसा परिणाम होत नाही, असे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे मत आहे. अधिक प्रमाणात तो फुप्फुसांना अपायकारक असून रबरी पट्ट्याही ठिसूळ करतो. ट्रेलरमध्ये माणूस, प्राणी किंवा झाडे असताना हे यंत्र चालवू नये.