मूठभरांची मंडळी

जेसल पार्कच्या चौपाटीवर सायंकाळीं उभें राहिलें म्हणजे भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईची भूमि दृष्टीस पडते. १५३४ मध्यें हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. १७३७ ते १७३९ या काळांत चिमाजी अप्पांच्या मराठी फौजांनीं तो जिंकून घेतला. ज्या सत्तेच्या आश्रयानें येथें चर्चें उभीं राहिलीं ती सत्ता गेली. धर्म मात्र राहिला. उत्तनपासून वसईपर्यंत मराठी बोलणारे ख्रिस्ती आजहि आहेत. राजाश्रय सुटल्यावर धर्म कोणाच्या आधारानें तगतो? आमच्या मतें तो एकत्र जमणाऱ्या चार-दोन घरांच्या आधारानें तगतो. या लहान मंडळांचें सामर्थ्य व त्यांची मर्यादा दोन्ही समजण्यास अन्य पंथांचा इतिहासहि उपयोगी पडतो.

इंग्लंडांतील मेथॉडिस्टांचेंच उदाहरण घ्या. १७४२ मध्यें ब्रिस्टल येथील प्रार्थनामंदिराचें कर्ज फेडण्यासाठीं सभासदांचे सुमारें बारा-बारांचे गट पाडून प्रत्येकाकडून आठवड्यास एक पेनी जमविण्याचें ठरलें. वसुलीस घरोघर जाणाऱ्यांस कोणाचें व्यसन, कोणाचा कलह दिसूं लागला. मग जॉन वेस्ली यांनीं त्या गटांचींच परस्परांची विचारपूस करणारीं मंडळें बनविलीं. जें व्यासपीठावरून दिसलें नाहीं तें उंबरठ्यावरून दिसलें!

महाराष्ट्रांत हाच मार्ग रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं अधिक धाडसानें चोखाळला. १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेतल्यानंतर अनेक वर्षें त्यांनीं अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनमध्यें काम केलें. परंतु परदेशी वळणाची मंडळी या मातींत रुजणार नाहीं, अशी त्यांची खात्री होत गेली. १९१७ मध्यें त्यांनीं मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त तेथें बंधु म्हणून एकत्र यावे, ही त्यांची कल्पना. तुकोबांच्या वाटेनें ख्रिस्ताकडे आलेल्या या कवीस भजन-कीर्तन हीच उपासनेची स्वाभाविक रीत वाटे.

मे १९१९ मध्यें टिळक वारले, आणि दरबार त्यांच्यामागें फार काळ टिकला नाहीं. लहान मंडळाचें वैगुण्य येथें उघड होतें. एका तेजस्वी पुरुषाभोंवतीं जमलेला मेळा बहुधा त्याच्याबरोबरच उठतो. ब्रिस्टलच्या गटांप्रमाणें प्रत्येक सभासदावर कांहीं भार असेल, तरच तो टिकतो. तथापि बीं वायां गेलें नाहीं. पुढें टिळकांचें चरित्र लिहिणाऱ्या जॅक विन्स्लो यांनीं १९२२ मध्यें ख्रिस्त सेवा संघ काढला. त्याच संघांत १९२७ मध्यें व्हेरिअर एल्विन आले. टिळकांचीं पदें तर मराठी ख्रिस्ती उपासनेंत अजून गाइलीं जातात.

खाडीकांठच्या या दाट वस्तींत भिंतीपलीकडचा शेजारीहि पुष्कळदां अनोळखीच असतो. अशा ठिकाणीं एखाद्या घरीं आठ-दहा कुटुंबें प्रार्थनेस जमत असतील, तर त्यांचें मोल मोठ्या मंदिराहून कमी नाहीं. पण दार लावून बसलेल्या मंडळाचा कंपू होण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून प्रार्थना आटोपल्यावर त्यांनीं एवढेंच एकमेकांस विचारावें: गेल्या खेपेस जो आला नाहीं, त्याच्या घरीं कोण जाऊन आलें?