त्या काळी तसंच होतं?

जुन्या रूढीवर लिहिलं की मला ठरलेलं उत्तर येतं, "आजच्या नीतीने कालचा धर्म मोजू नका." बरं, कालच्याच माणसांना विचारू. १८९१ साली मुलीचं संमतिवय १० वरून १२ करणारा कायदा आला. रत्नागिरीत जन्मलेले टिळक विरोधात उभे राहिले. बालविवाह त्यांना प्रिय होता असं नव्हे. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा. पण रा. गो. भांडारकरही त्याच काळातले, जन्म मालवणचा (मालवण तेव्हा आपल्याच जिल्ह्यात), संस्कृतचे गाढे पंडित. त्यांनी शास्त्रांचाच आधार काढून कायद्याची बाजू घेतली. आणि त्याच्या थोडंच आधी बंगालात नवऱ्याच्या जबरदस्तीने मेलेली दहा-अकरा वर्षांची फुलमणी? तीही त्या काळातलीच होती.