दंडात टोचलेली सुई

हेपटायटिस बीची लस मोठ्या कसोटीला उतरली ती तरुण माणसांच्या शरीरात. बरूक ब्लमबर्ग यांना १९६०च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात जे अनोळखी प्रथिन दिसले, ते या काविळीच्या विषाणूचे बाह्य आवरण निघाले. वाहकांच्या रक्तद्रवातून हेच आवरण वेगळे काढायचे, विषाणू निकामी करायचा आणि ते टोचायचे, ही पहिल्या लसीची रीत. वुल्फ श्मुनेस यांनी न्यू यॉर्कमध्ये १,०८३ समलिंगी पुरुषांवर तिची चाचणी घेतली. १९८० साली निष्कर्ष आले: पहिल्या दोन महिन्यांत ७७ टक्के लसधारकांत भरपूर प्रतिपिंडे तयार झाली होती, सहाव्या महिन्याच्या डोसनंतर हे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेले.

त्या शेवटच्या डोसची किमया अजूनही थक्क करते. पहिल्या सुईनंतर पेशी लसीतले प्रथिन लसिका ग्रंथींपर्यंत नेतात. तिथे मदतनीस टी पेशींच्या साथीने बी पेशी वाढतात आणि त्यांतून अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी निवडल्या जातात. या निवडीला वेळ लागतो. म्हणूनच शून्य, एक आणि सहा महिने अशी अंतरे ठेवली गेली. निवडून निघालेल्या स्मृतिपेशींना महिन्यांनी तेच प्रथिन पुन्हा भेटले की प्रतिपिंडांची पातळी झपाट्याने चढते.

१९८०च्या दशकात अमेरिकेतल्या काही रुग्णालयांत मात्र धडधाकट कर्मचाऱ्यांच्या रक्तातही प्रतिपिंडे कमी भरू लागली. लस तीच, डोस तेवढेच. फरक होता सुईच्या जागेचा. त्यांना ती कुल्ल्यावर टोचली होती. तिथे बऱ्याचदा सुई स्नायूपर्यंत पोचत नाही, लस चरबीतच राहते. १९८५ साली ही गोष्ट उजेडात आली आणि प्रौढांना लस दंडाच्या स्नायूत द्यायची, असा दंडक झाला.

रक्तद्रवातल्या लसीबद्दल एड्सच्या साथीने धास्ती पसरवली होती. १९८६ साली यीस्टमध्ये तयार केलेली लस आल्यावर ती मिटली. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने अशी लस भारतात बनवून किंमत खाली आणली.

लिटरमागे १० आंतरराष्ट्रीय एकके प्रतिपिंडे, ही संरक्षणाची रूढ खूण. तीन डोसनंतर नव्वद टक्क्यांहून अधिक निरोगी तरुण ती गाठतात. लठ्ठपणा, धूम्रपान आणि एचएलए जनुकांचे काही प्रकार असलेल्यांत प्रतिसाद मंद पडतो. अशांना आणखी तीन डोस दिले की बऱ्याच जणांची पातळी वर येते. पुढे वर्षांगणिक प्रतिपिंडे घटतात, प्रसंगी त्या खुणेच्याही खाली जातात. तरी संरक्षण बहुधा टिकते, कारण संसर्गापासून लक्षणांपर्यंत या विषाणूला साधारण दीड ते सहा महिने लागतात, आणि स्मृतिपेशी काही दिवसांतच जाग्या होतात.