एका वर्षानंतरचा रकाना

रुग्णालयात कागदांना तोटा नसतो. नाव, वय, ताप, नाडी, शस्त्रक्रिया, घरी सोडल्याची तारीख, सारे टिपलेले असते. रुग्ण दाराबाहेर पडला की केसपेपर मिटतो. पुढे तो हिंडूफिरू लागला की महिन्याभरात दगावला, हे लिहायला त्यात बहुधा जागाच नसते.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील शल्यचिकित्सक अर्नेस्ट अमोरी कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती जागा करून दिली. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे स्वतंत्र पान असते, तसे त्यांनी प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड केले. लक्षणे, निदान, उपचार, झालेली गुंतागुंत हे तर त्यात असेच. शिवाय एका वर्षानंतर रुग्ण कसा आहे, हेही लिहायचे. गुण आला नसेल तर त्याचे कारण नोंदवायचे. निदान चुकले, हात कमी पडला, निर्णय चुकला, की रोगच आवाक्याबाहेरचा होता?

हा शेवटचा रकाना अनेकांना झोंबला. कार्डे जुळवून पाहिली की कोणाचे रुग्ण बरे होतात आणि कोणाचे नाही, हे उघड होणार! बढती तर तिथे सेवाज्येष्ठतेने मिळे. 1914 मध्ये कॉडमन यांनी या पद्धतीच्या निषेधार्थ राजीनामा दिला, आणि आपल्या उपचारांचे परिणाम सरस आहेत म्हणून थेट प्रमुख शल्यचिकित्सकाचे पद मागितले. याला मी धाडसही म्हणेन आणि आगाऊपणाही. जानेवारी 1915 मध्ये वैद्यकीय सभेत त्यांनी भलेमोठे व्यंगचित्र उघडले. वाळूत डोके खुपसलेला शहामृग, म्हणजे शहरातले श्रीमंत रुग्ण, डॉक्टरांकडे सोन्याची अंडी लाथाडत होता. यानंतर हार्वर्डमधील अध्यापनाची जागाही गेली.

स्वतःच्या लहानशा रुग्णालयात मात्र त्यांनी कार्डे चालू ठेवली. 1911 ते 1916 या काळात तिथून 337 रुग्ण घरी गेले, आणि त्यांच्या उपचारांत 123 चुका झाल्या. हा आकडा कॉडमन यांनीच मोजला आणि छापून प्रसिद्ध केला.

पुढे अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने 100 वा अधिक खाटांची 692 रुग्णालये तपासली. प्रत्येक रुग्णाची परिपूर्ण नोंद, ही किमान अटींपैकी एक होती. उतरली जेमतेम 89. नापासांत नामांकित रुग्णालयेही होती. 1919 मध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात एकूण आकडे सांगण्यात आले. नावांची यादी मात्र वृत्तपत्रांच्या हाती लागू नये म्हणून हॉटेलच्या भट्टीत जाळून टाकली होती.