किर्लोस्कर, लक्ष्मणराव काशीनाथ

(२० जून १८६९–२६ सप्टेंबर १९५६). किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक. जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे. चित्रकार व्हायचे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले; पण काही रंगांतला फरक डोळ्यांना कळेना, तेव्हा यांत्रिक आरेखन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवू लागले. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात बंधू रामूअण्णांसह ‘किर्लोस्कर बंधू’ या नावाने सायकली विकल्या, पुढे कडबा कापण्याची यंत्रे बनवली.

लोखंडी नांगर त्यांनी १९०३ च्या सुमारास तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली, तरी लक्ष्मणरावांनी हे काम सोडले नाही. लोखंडी नांगर विलायतेतून येतच होते. तसा नांगर इथे ओतून, इथल्या शेतकऱ्याच्या गळी उतरेपर्यंत टिकून राहणे, यातच त्यांची खरी प्रतिभा दिसते. धंदा अनेकांनी बदलला. गिऱ्हाईक तयार नसताना त्याच्यासाठी वस्तू घडवण्याची हिंमत थोड्यांनीच दाखवली.

जम बसत असतानाच शहराच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन व १०,००० रुपये कर्ज दिले. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी तिथे पहाऱ्याचे काम दिले. यंत्रांइतकाच माणसांच्या बाबतीतला हा निर्णय धाडसी होता, आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड व कोक मिळेनासे झाले. भट्टीसाठी लोणारी कोळसा वापरात आला. लोखंडासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली; त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. विहिरीवरचे पंप हे पुढचे महत्त्वाचे उत्पादन. अमेरिकेत अभियांत्रिकी शिकून आलेले पुत्र शंतनुराव यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना निघाला.