फ्लेमिंगचा प्रश्न आणि तालुक्याचा दवाखाना

विषय औषधाचा आणि बोलणारा तत्त्वज्ञानाचा मास्तर, तेव्हा डोस किती ते मी सांगणार नाही. ते डॉक्टरांचं काम. मला एक प्रश्न मांडायचा आहे. तो १९४५ सालचा आहे, पण तालुक्याच्या दवाखान्यात आजही रोज उभा राहतो.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडलं. १९४५ साली फ्लोरी आणि चेन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. तेव्हाच्या भाषणात त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणतो, पण घेतो अपुरं. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, आणि ती दगावते. आता या मृत्यूला जबाबदार कोण?

बघा, रक्तदाबाची गोळी मी चुकीची घेतली तर त्रास मला. अँटिबायोटिकचं तसं नाही. ते गावच्या पाणवठ्यासारखं आहे. घाण कोणीही करो, पाणी सगळ्यांचंच नासतं.

आपल्याकडे १९५४ साली पिंपरीत 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. तेव्हा चिंता होती, औषध गरिबापर्यंत पोचेल कसं? पुढे औषध पोचलं, विवेक मागे राहिला. सर्दी-पडसं विषाणूंमुळे होतं, त्यावर अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही, तरी गोळ्या दिल्या जातात. २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू झालं. त्या यादीतलं औषध विकताना दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण आणि मात्रा यांची वेगळी नोंद ठेवायची. कायदा चांगलाच, पण तो दुकानाच्या गल्ल्यापाशी थांबतो. खाटेशेजारचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

कोणी म्हणेल, 'सर, लहान दवाखान्यात कल्चरची सोय नाही. पेशंट लांबून आलेला, पुन्हा येईल याची खात्री नाही. डॉक्टरने धोका कसा पत्करायचा?' आक्षेप खरा आहे. पण त्याला गडचिरोलीत उत्तर सापडतं.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या कार्यकर्त्यांना आणि सुईणींना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल, तर न्यूमोनियाची शंका. ज्यांना इतकं मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांचं साधं यंत्र केलं : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. श्वास जोरात असेल तर अँटिबायोटिक. नुसता साधा खोकला असेल तर नाही. पुढे याच कार्यक्रमात गावातल्या प्रशिक्षित बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखून उपचार केले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते.

इथे लक्षात घ्या. एकाच मोजणीने ज्याला औषध हवं त्याला ते मिळालं, आणि ज्याला नको त्याचं टळलं. म्हणजे जबाबदार वापर ही कंजूषी नव्हे. आणि त्यासाठी मोठी प्रयोगशाळा हीच पहिली अट नाही. पहिली अट आहे ठरलेला नियम.

लहान रुग्णालयाला हे जमण्यासारखं आहे. नेहमीच्या आजारांसाठी एक पानी नियमावली भिंतीवर लावा. केसपेपरवर औषधासोबत कारण आणि दिवस लिहा. दाखल रुग्णाचं औषध दोन दिवसांनी पुन्हा तपासा : चालू ठेवायचं, बदलायचं की थांबवायचं? शक्य तेव्हा नमुना जिल्ह्याला पाठवा. आणि हात धुवा; जो संसर्ग झालाच नाही, त्याला औषध लागत नाही.

मग फ्लेमिंगच्या प्रश्नाचं उत्तर काय? मागणारा पेशंट, देणारा डॉक्टर, चिठ्ठीशिवाय विकणारा दुकानदार, सगळेच थोडे थोडे जबाबदार. पण सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कोणाचीच नाही, हाही आपला अनुभव. म्हणून ती कागदावर उतरावी लागते : कोणी दिलं, कशासाठी, किती दिवस. आपण एवढं तर विचारू शकतो, 'डॉक्टरसाहेब, हे अँटिबायोटिक आहे का? त्याची गरज आहे का?' असं विचारणं हा उद्धटपणा नाही. त्यात शेजाऱ्याच्या बाळाचीही काळजी आहे.